मागच्या काचेचं देणं

मागची काच फडक्याने पुसायची असते, याबद्दल आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजवाल्यांचं एकमत आहे. 2009 च्या पावसाळ्यात मी ज्याला ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं. कुणी वर बटाटा कापून चोळायला सांगितला, कुणी तंबाखूचं पाणी लावा म्हणालं, एकाने शॅम्पूचा सल्ला दिला. एका चकचकीत वर्कशॉपने मात्र गंभीरपणे संपूर्ण काच बदलण्याचं कोटेशन हातात ठेवलं. माझ्या सेकंडहँड हॅचबॅकची एकूण लायकी पाहता तो आकडा उद्धटच होता.

हे सगळे बोलायचे ते मागे बसलेल्या बाबांशी. गाडी माझ्या नावावर, किल्ली माझ्या हातात, तक्रार माझ्या तोंडून. तरी उत्तर मागच्या सीटला. बाबांना बोलता येत नव्हतं. ते नुसती मान हलवायचे आणि तीही जेमतेम, कारण मान वळवणं हीच त्या दिवसांतली सगळ्यात अवघड गोष्ट होती.

बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते. सावंतवाडी डेपो, आणि उमेदीची बरीच वर्षं आंबोली घाट. घशाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि कोल्हापुरात शेक सुरू झाले. तिथले पेशंट त्याला ‘लाइट’ म्हणतात. सोमवार ते शुक्रवार लाइट, मुक्काम आत्याकडे, शनिवारी घरी, रविवारी दुपारी परत. सावंतवाडी, दाणोली, आंबोली, आजरा आणि पुढे कागलवरून कोल्हापूर. ज्या घाटात ते आयुष्यभर पुढे बसले, त्यात आता मागच्या सीटवर उशीला टेकून.

आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत तिथे पाऊस आणि ढग यांत फरक करता येत नाही. दोन्ही रस्त्यावरच असतात. बाहेरून पावसाने काच गार, आत दोन माणसांचा श्वास, ओले टॉवेल, थर्मासची वाफ. हवेतला ओलावा गार काचेवर बसणारच. यावर सोपा उपाय एसी. एसी हवेतलं पाणी काढून घेतो आणि काचा स्वच्छ होतात. पण लाइट घेतलेल्या घशाला ती कोरडी, गार हवा सोसत नाही. दोन मिनिटांत बाबांना ढास लागायची. काच उघडी ठेवली तर पाऊस आत. मग पुढच्या काचेवर ब्लोअरची गरम हवा सोडून मी पुढचं निभावून न्यायची. मागच्या काचेकडे मात्र कुठलीच हवा पोचत नाही. तिच्यासाठी काचेवर त्या आडव्या तपकिरी रेघा असतात आणि डॅशबोर्डवर चौकोनात तीन वळणदार बाण काढलेलं बटण असतं. मी ते दाबायची. बटणात पिवळा दिवा लागायचा. काच तशीच.

बाबांनी यावर आपला तोडगा काढला होता. एस.टी.च्या ड्रायव्हरला मागचं दिसतच नाही, त्याला कंडक्टर असतो. एक बेल थांब, दोन बेल चल. बाबा आता माझे कंडक्टर झाले. पंचा घेऊन अर्धवट वळायचे, मागची काच पुसायचे आणि दाराच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे. एकदा म्हणजे थांब. दोनदा म्हणजे येऊ दे. मानेची कातडी लाइटने काळी पडून सोलत आलेली. कॉलर लागली तरी ते कळवळायचे, आणि तरी वळायचे. नको म्हटलं की मोठ्या डोळ्यांनी बघायचे. मला गाडी त्यांनीच शिकवली. ‘आरशार भरवसो ठेव नको गो,’ हे तेव्हाचं त्यांचं पालुपद. आवाज गेला तरी नजरेने ते तेच म्हणायचे.

एका रविवारी धबधब्यापाशी सगळं हातघाईवर आलं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आंबोलीचा धबधबा म्हणजे काय असतं हे पाहिलेल्यालाच ठाऊक. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, मधे भिजत नाचणारी पोरं, भज्यांच्या टपऱ्या, कणसं, आणि या सगळ्यावर ढग उतरलेला. वरून एक ट्रक आला आणि वळणावर अडकला. त्याला जागा द्यायला आमची रांग मागे घ्यायला लागली. माझ्या मागे माणसं होती, हे मला फक्त आवाजांवरून कळत होतं. आरशात पांढरं, दोन्ही बाजूंच्या आरशांवर पाणी. बाबा सीटवर गुडघा टेकवून पुरते मागे वळले, पंचाने काच पुसत राहिले. पुसलेली काच दहा सेकंदांत पुन्हा धरायची. टकटक, टकटक, टक. मी चाक-चाकभर मागे येत होते. ट्रक गेला. बाबा सरळ बसले तेव्हा त्यांच्या कॉलरला रक्त लागलं होतं.

कोल्हापूर येईपर्यंत मी काही बोलले नाही. सोमवारी लाइटच्या रांगेत एक टेम्पोवाला भेटला. त्याच्या बायकोचा नंबर आमच्या आधी असायचा. त्याला मी चिडूनच गाडीचं सांगितलं, म्हणजे खरं तर कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून. तो म्हणाला, ‘काच बदलू नका. आधी उद्यमनगरातल्या वस्तादांना दाखवा.’

शिवाजी उद्यमनगरात कास्टिंगचा धूर, लेथचा आवाज आणि ऑइल इंजिनांचे सुटे भाग यांतून वाट काढत आत गेलं की एका बोळात पत्र्याची शेड होती. सेल्फ, डायनॅमो, बॅटरी, वायरिंग. वस्ताद साठीच्या घरातले, चष्म्याची एक काडी वायरच्या तुकड्याने बांधलेली. पोरं त्यांना वस्ताद म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

त्यांनी बटणाला हातच लावला नाही. म्हणाले, ‘ताई, गाडी चालू करा, हेडलाइट लावा आन् त्या भिंतीकडं बघा. आता बटन दाबा. काय फरक?’

‘काही नाही.’

‘इंजिनाचा आवाज बसला?’

‘नाही.’

‘हां. मग तुमच्या काचंनं काय खाल्लंच नाही. खाल्लं असतं तर दिवं जरा मिचकलं असतं.’

मला हे भारी वाटलं. एक स्क्रू न काढता निम्मा रोग सांगून झाला होता. काचेवरच्या रेघा म्हणजे चांदी मिसळलेली पेस्ट काचेच्या आतल्या बाजूला छापून भट्टीत पक्की केलेली असते. बारा व्होल्टवर ती दहा-पंधरा अँपिअर ओढते, दोन हेडलाइट मिळून खातात तेवढा किंवा थोडा जास्तच करंट. एवढं ओझं पडलं की भिंतीवरचा उजेड क्षणभर उतरतो. तो उतरला नाही म्हणजे करंट काचेत जातच नव्हता, किंवा नावापुरता जात होता.

‘पण बटणातला दिवा लागतो ना?’ मी विचारलं.

‘त्यो दिवा लई प्रामाणिक नसतोय. त्येचा कॉन्टॅक आत येगळा आसतोय. त्येला चिमूटभर करंट पुरतोय.’

मग डिकी उघडून त्यांनी काचेच्या कडेची वायर काढली आणि तिच्या टोकाला मीटर लावला. बारा व्होल्टच्या वर आकडा. मला वाटलं, म्हणजे काचच गेली, वर्कशॉपवाला बरोबर होता. वस्तादांनी वायर पुन्हा काचेला जोडली आणि तिथेच मीटर धरला. तीन. पुन्हा काढली, बारा. जोडली, तीन. मीटर स्वतः काहीच ओढत नाही. तांब्याचा एखादा तंतू शिल्लक असला तरी तो बारा दाखवतो. काच खायला बसली की खरी अवस्था कळते. बाराचे तीन झाले, तर नऊ व्होल्ट वाटेत कुठेतरी अडकतात. ते कुठे, एवढंच शोधायचं.

इथे वस्तादांना दोन हात कमी पडले. त्यांचा पोरगा ट्रॅक्टरच्या बॅटरीखाली आडवा होता. मी बटण दाबायला पुढे बसलेली. त्यांनी मागच्या सीटकडे बघितलं. काळवंडलेली मान, गळ्याभोवतीचा मऊ पंचा, मांडीवरची फाइल, सगळं त्यांनी पाहिलं असणारच. इतक्या दिवसांत आम्हाला भेटलेला प्रत्येक माणूस इथपर्यंत आला की आवाज खाली आणून ‘काय झालंय?’ असं मला विचारायचा. वस्तादांनी मीटर बाबांच्या हातात दिला.

‘पाव्हणं, जरा आकडा सांगा. मला हितनं दिसत न्हाई.’

बाबांनी घशाकडे बोट केलं.

‘बोटावर दावा की मग.’

आणि बाबा गाडीतून उतरले. कधी नव्हे ते कुणाचा हात न धरता.

पुढचा पाऊण तास, किंवा जास्तही असेल, तो असा गेला. वस्ताद एक टोक बॅटरीला आणि दुसरं फ्यूजला लावायचे. बाबा मीटर डोळ्यांजवळ नेऊन मूठ मिटून दाखवायचे: शून्य. फ्यूज ते बटणाची आत येणारी वायर: पुन्हा मूठ, मग अंगठा आणि तर्जनी जवळ आणून ‘किंचित’. काचेची दुसरी बाजू ते बॉडी, म्हणजे अर्थ: मूठ. डिकीच्या दारात रबरी नळीतून वायरी जातात, तिथे उघडझाप करून त्या तुटतात. वस्तादांना तिथली शंका होती. तिथेही मूठ. मधेच बाबांनी माझ्याकडून फाइल मागितली, तपासणीच्या कागदाच्या पाठीवर काहीतरी लिहिलं आणि वस्तादांपुढे धरलं. लिहिलं होतं, ‘लाइन चेकिंग.’ एस.टी.त तपासनीस मधल्याच थांब्यावर गाडीत चढतात, माणसं मोजतात, तिकिटं मोजतात. मेळ बसला की पुढचा थांबा. कुठल्या दोन थांब्यांच्या मधे पैसे गळतात ते अशानेच सापडतं. वस्तादांना ते इतकं आवडलं की त्यांनी ट्रॅक्टरखालच्या पोराला ओरडून सांगितलं, ‘आरं, हे बघ, चेकिंग लागलंय.’

मग बटण. आत येणारी वायर आणि बाहेर जाणारी वायर यांच्या मधे मीटर. मी बटण दाबलं. बाबांनी एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताची चार बोटं वर केली. जवळपास सगळे नऊच्या नऊ तिथे बसले होते.

बटण उघडलं तेव्हा कारण दिसलं. आत तांब्याची दोन टोकं एकमेकांवर टेकतात, तीच जळून काळी, खड्ड्याखड्ड्यांची झालेली. बाजूचं प्लास्टिक तपकिरी होऊन वाकलेलं. या गाडीत काचेचा सगळा करंट सरळ बटणातून फिरवलेला होता. बनवणाऱ्याने तेवढ्यात वाचवलेले पैसे वापरणाऱ्याकडून असे वसूल होतात. नवीन बटण त्या मॉडेलचं बाजारात नव्हतं. वस्तादांनी टोकं बारीक कानशीने अगदी हलक्या हाताने घासली. जाड पॉलिश पेपर ते घेऊ देत नाहीत, ओरखडे राहतात आणि ठिणगी पुन्हा तिथेच धरते. पण नुसतं साफ केलं तर आणखी दोन पावसाळे, मग पुन्हा हेच. म्हणून त्यांनी रिले बसवला. चार पायांचा साधा हॉर्नचा रिले. बॅटरीकडून 20 अँपिअरचा फ्यूज टाकून अडीच एम.एम.ची नवी वायर 30 नंबरला, 87 काचेकडे, आणि 85-86 बटणाकडे. आता बटणाला फक्त रिलेची कॉइल चालवायची होती, जेमतेम पाव अँपिअरच्या आतलं काम. काचेचं ओझं रिलेने उचललं. पायांचे हे आकडे बहुतेक कंपन्यांच्या रिलेवर तेच असतात, हे मला त्या दिवशी कळलं आणि बाबांनी कागदाच्या पाठीवर त्याचा नकाशा काढून घेतला. बाण, आकडे, सगळं. ड्रायव्हरांचं अक्षर वाईट असतं म्हणतात. त्यांचं छापल्यासारखं होतं.

हेडलाइट लावले, बटण दाबलं. कुठेतरी टिक झालं आणि भिंतीवरचा उजेड मिचकला.

‘आता काच धुरकट पाह्यजे,’ वस्ताद म्हणाले. उद्यमनगरात त्या दुपारी पाऊस नव्हता. ते बाबांकडे वळले. ‘पाव्हणं, आतनं काचंवर हाऽ करा.’

‘हाऽ’ला आवाज लागत नाही. बाबा मागच्या सीटवर गुडघे टेकून बसले आणि काचेवर श्वास सोडू लागले. दमले की थांबायचे. थोडी काच पांढरी झाली, आणि मग रेघांच्या जागी ती पट्ट्यापट्ट्यांनी उघडायला लागली. वरून तिसरी रेघ सोडून. तिच्यावरचं धुकं हललं नाही. बाकीच्या रेघा चालू, कारण प्रत्येक रेघ दोन्ही कडांच्या उभ्या पट्ट्यांना स्वतंत्र जोडलेली असते. एक तुटली तरी दुसऱ्यांचं अडत नाही. मीटरचं एक टोक अर्थला आणि दुसऱ्या टोकाला चॉकलेटची चांदी गुंडाळून बाबा त्या रेघेवरून इंच इंच सरकत गेले. बारा, बारा, बारा, आणि एकदम शून्य. आधीच्या मालकाने कसला तरी स्टिकर ब्लेडने खरवडला होता, तिथे केसाएवढी चीर. ती भरायला चांदीचा रंग मिळतो, पण वस्तादांकडे तो नव्हता. ‘एका रेघंनं काय बिघडत न्हाई,’ म्हणाले. बाबांना ते पटलेलं दिसलं नाही.

पैशाचं बोलणं मी काढलं. वस्तादांनी रिले, फ्यूज आणि वायरीचे पैसे सांगितले. मजुरी? ‘मजुरी घेतली तर हेल्परला द्यावी लागंल,’ आणि बाबांकडे बोट केलं. ‘मग माज्याकडं काय ऱ्हात न्हाई.’ बाबा हसले. हसलं की घशात कळ यायची, तरी हसले.

चहा आला. बाबांना गरम गिळता येत नव्हतं. वस्तादांनी न विचारता त्यांचा चहा बशीत ओतला आणि फॅनखाली नेऊन ठेवला.

मला वाटलं, झालं काम. पण दुसऱ्या दिवशी लाइट घेऊन बाहेर आल्यावर बाबांनी मला कागदावर लिहून दाखवलं: ‘उद्यमनगर.’ मी म्हटलं, आता काय बिघडलंय? त्यांनी पुन्हा त्याच शब्दाखाली रेघ ओढली. तिथून पुढे उपचार संपेपर्यंत दुपारचे तास आम्ही त्या शेडमध्ये काढले. आत्याला ते अजिबात पसंत नव्हतं. धूर, धूळ, अ‍ॅसिडचा वास. तिचं बरोबरच होतं, डॉक्टरांना कळलं असतं तर तेही रागावले असते. म्हणून वस्तादांनी स्टूल शेडच्या बाहेर, वारा येईल अशा बाजूला ठेवलं आणि बॅटरीचं काम आत ढकललं. बाबा मीटर वाचायचे. टेम्पो, रिक्षा, एकदा तर एक जुनी जीप. गिऱ्हाइकं त्यांना ‘काका, किती आलं?’ विचारायची आणि ते बोटं दाखवायचे. दवाखान्यात त्यांचा नंबर होता, फाइल होती, लाइटच्या मास्कवर नाव लिहिलेलं होतं. आत्याच्या घरी सगळे त्यांच्याभोवती चवड्यांवर चालायचे. त्यांच्याकडे काम मागितलं ते एकट्या वस्तादांनी.

मी हे त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. कसं बोलणार? तुम्ही मीटर हातात दिलात म्हणून आभार? ते म्हणाले असते, मला हितनं दिसत न्हवतं म्हणून दिला. आणि तेही खरं असेल.

म्हणून देणं दुसऱ्या मार्गाने फिरत राहिलं. दर सोमवारी सावंतवाडीहून काहीतरी जायचं: आमसुलं, काजूगर, आईने केलेली फणसपोळी. तिकडून शुक्रवारी गुळाची ढेप, कधी शेंगदाणे. आई आणि वस्तादांची बायको एकमेकींना कधीच भेटल्या नाहीत, पण लोणच्यात मीठ जास्त पडल्याचा निरोप मात्र नीट पोचला. काच घाटात स्वच्छ राहायची. बटण दाबायचं आणि धुकं रेघारेघांनी सुटायचं. बाबांना मागे वळायची गरज उरली नाही. तरी मी गाडी मागे घेतली की दारावर दोन टकटक यायच्याच.

आवाज नंतर थोडा आला, घोगरा. बाबा पुढे तीन वर्षं होते. ते गेल्यावर मी वस्तादांना सांगायला गेले. फोनवर सांगायचं नव्हतं. ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, ‘गाडी आणलीय न्हवं? रिले बघतो.’ रिलेला काहीही झालेलं नव्हतं. त्यांनी तो तरी काढला, पाय साफ केले आणि परत बसवला. मी बाहेरच्या स्टुलावर बसून राहिले. बशीतला चहा आला, गार केलेला. पोराला सवय लागली होती.

गाडी मी पुढे कुडाळच्या एका मुलाला विकली. नवीनच नोकरीला लागलेला, पहिलीच गाडी. व्यवहार झाल्यावर काही महिन्यांनी, पावसाच्या तोंडावर, त्याचा फोन आला. त्याच्या वायरमनला डॅशबोर्डखाली एक जास्तीचा रिले सापडला होता आणि तो कशाचा हे कळत नव्हतं. काढून टाकू का, असं तो विचारत होता.

मी म्हटलं, अजिबात काढू नकोस. वायरमनला फोन दे. मग त्याला सगळं सांगितलं: 30 कुठे, 87 कुठे, फ्यूज बॅटरीजवळ आहे, बटण नुसती कॉइल चालवतं. तो माणूस जाणकार होता, लगेच समजला. ‘काम कुणी केलंय?’ म्हणाला. ‘सफाईदार आहे.’ मी उद्यमनगरातल्या बोळाचा पत्ता सांगितला.

फोन पुन्हा मुलाकडे आला. ‘ताई, आणखी एक. वरून तिसरी लाइन चालत नाही. हे म्हणतात चांदीचा रंग आहे त्यांच्याकडे, पाच मिनिटांचं काम आहे. भरून घेऊ का?’

मी जरा थांबले असेन, कारण त्याने ‘हॅलो?’ केलं.

‘घे की,’ म्हटलं. ‘चीर डावीकडून वीतभर आत आहे. तिथेच भरायला सांग.’